जैतुनापासून करवंदीपर्यंत

आसनगावहून माहुलीकडे जाणारी वाट गावाबाहेर पडते, तिथं माळावर करवंदीची एक जाळी आहे. उंची गुडघ्याएवढी, बुंधा माझ्या मनगटाहून जाड. शेळ्या रोज त्या वाटेनं चरायला जातात आणि जाताना तिचे कोवळे शेंडे खुडतात. काट्यांच्या आड जे शेंडे राहिले तेवढे वाढले, बाकीच्यांना पुन्हा खालून फुटावं लागलं. वर्षानुवर्षं असं चालून झाडाची घट्ट घुमटी झाली आहे. पानं लहान, पेरं आखूड आणि फांद्यांची वीण इतकी दाट की आत हात जात नाही. मी पहिल्यांदा तिच्यासमोर बसलो तेव्हा पिशवीत ऑलिव्हच्या बोन्सायची काही चित्रं होती. परदेशी पुस्तकांतून मी ती मोठ्या हौसेनं उतरवून घेतली होती. त्यातलं एक चित्र आणि समोरची जाळी यांत मला फारसा फरक दिसेना. चित्रं बाजूला ठेवून मी जाळी कागदावर उतरवू लागलो. हे पुस्तक त्या दुपारी सुरू झालं.

पुस्तकाचा विषय ऑलिव्हचं बोन्साय हाच आहे. पण ते शहापूर आणि मुरबाडच्या माणसानं, इथल्या उन्हापावसात राहून लिहिलेलं आहे. त्यामुळे ऑलिव्हपासून निघून ते करवंदी, प्राजक्त, उंबर, ऐन इथवर येतं. हा प्रवास का करावा लागला, ते आधीच सांगून टाकतो.

ऑलिव्ह आपल्याला बाटलीतल्या तेलामुळे ठाऊक आहे. मराठी बायबल वाचणाऱ्यांना ते जैतून म्हणून माहीत आहे. येशू जिथं जात असे तो जैतुनांचा डोंगर. त्या डोंगराच्या पायथ्याशी गेथशेमनेच्या बागेत आजही अतिशय जुनी जैतुनं उभी आहेत. 2012 मध्ये इटलीच्या संशोधकांनी त्यांतल्या काही खोडांचं वय तपासलं. तीन खोडं साधारण 1092, 1166 आणि 1198 या काळातली निघाली. याचा अर्थ झाडं तेवढीच जुनी, असा होत नाही. ऑलिव्हचा बुंधा आतून पोकळ होत जातो, खोड मरतं आणि बुडाच्या गाठीतून नवं खोड उठतं. वरचं लाकूड हजार वर्षांचं असलं तरी खालचं मूळ किती जुनं, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

बोन्साय करणाऱ्याला ऑलिव्ह इतकं का आवडतं, याचं उत्तर या बुडाच्या गाठीत आहे. झाड तोडा, जाळा, शेळ्यांना चारा, गाठीत साठवलेल्या बळावर ते पुन्हा फुटतं. जुन्या, निबर लाकडावरही नवे डोळे येतात. हे सगळ्या झाडांना जमत नाही. म्हणूनच मांडीएवढा बुंधा हातभर उंचीवर कापून, त्यावर अगदी नव्यानं फांद्या उभ्या करता येतात. स्पेन-इटलीतली गाजलेली ऑलिव्हची बोन्साय बहुतेक अशीच झाली आहेत. माळावरची, शेळ्यांनी खाल्लेली रानटी जैतुनं शोधायची, बुंधा ठेवायचा, बाकी सारं नव्यानं.

दुसरं कारण मला त्याहून मोलाचं वाटतं. ऑलिव्हच्या खोडात प्रत्येक मोठं मूळ बहुतांशी आपल्या सरळ वरच्या फांदीला पाणी पुरवतं. एक मूळ मेलं की त्याच्या वरची सालीची पट्टी मरते आणि शेजारची जिवंत पट्टी फुगत, पीळ घेत वर जाते. जुन्या जैतुनावर जे दोरखंडासारखे पीळ आणि मधले पांढरे, वाळलेले चर दिसतात, ती कुणा कारागिराची कल्पना नाही. कोणतं मूळ कधी मेलं, याची ती नोंद आहे. जपानी बोन्सायमध्ये वाळक्या फांदीला जिन आणि खोडावरच्या वाळक्या पट्ट्याला शारी म्हणतात. ऑलिव्हवर शारी कुठून कुठं न्यायची हे झाडानंच ठरवलेलं असतं. आपण ते वाचायचं आणि त्या रेषेत कोरणी चालवायची. लाकूड कठीण आणि तेलकट, त्यामुळे कोरड्या हवेत ते वर्षानुवर्षं टिकतं.

आता आपल्याकडचा पाऊस बघा. भूमध्य समुद्राच्या काठी पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. शहापूर-मुरबाडला वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे ऑलिव्हच्या ऋतूंच्या नेमकं उलट. त्याला फुलायला थंडी लागते, ती आपल्याकडे पुरेशी पडत नाही. राजस्थान सरकारनं 2007 मध्ये इस्रायलच्या मदतीनं ऑलिव्हच्या लागवडीसाठी कंपनी काढली आणि लूणकरणसरसारख्या कोरड्या, थंडी पडणाऱ्या भागात बागा उभ्या केल्या. ती हवा निराळी. आपल्याकडे ऑलिव्ह जगू शकतं, पण फळाची आशा धरू नये.

माझी पहिली दोन ऑलिव्हची झाडं शहरातल्या एका रोपवाटिकेतून आणलेली. एक अरुंद, रुपेरी पाठीच्या पानांचं, दुसरं ‘ब्लॅक ऑलिव्ह’ अशी चिठ्ठी लावलेलं. पहिल्या पावसाळ्यात मी दोन्ही उघड्यावर ठेवली. रुपेरी पानांच्या झाडावर जुलैत गोल, काळपट डाग पडले, पानं गळाली आणि पोळ्यापर्यंत बुंध्याची साल बोटानं निघू लागली. मुळं कुजली होती. शेजारचं ब्लॅक ऑलिव्ह मात्र त्याच पावसात हातभर वाढलं. मला नवल वाटलं आणि मी त्याचं कूळ शोधायला लागलो. ते ऑलिव्ह नव्हतंच. ते कॅरिबियन बेटांकडचं, टर्मिनॅलिया कुळीतलं झाड. म्हणजे आपल्या ऐनाचा, अर्जुनाचा, हिरड्या-बेहड्याचा भाऊ. विकणाऱ्यानं फसवलं असं नाही, जगभर ते याच नावानं विकलं जातं. पण त्या चिठ्ठीनं मला एक सवय लावली. झाडाचं बाजारातलं नाव ऐकायचं, आणि मग त्याचं घराणं विचारायचं.

ऑलिव्हचं घराणं विचारलं तर उत्तर थेट आपल्या अंगणात येतं. प्राजक्त ऑलिव्हच्या कुळातला. मोगरा, जाई, जुई, चमेली ही सगळी त्याच कुळातली. आपल्या पानझडी रानात लाकडी, पेरूच्या आकाराची फळं लटकवणारा मोखा त्याच कुळातला. त्याचं लाकूड इतकं चिवट की विणकर मागाच्या तुळ्यांना ते वापरत. आणि मुरबाडच्या डोक्यावर, सिद्धगडामागून भीमाशंकरच्या रानात चढलं की पारजांब भेटतो. तो तर ऑलिव्हचा अगदी सख्खा. रॉक्सबर्गनं त्याला ओलिया डायॉइका असं नाव दिलं, कारण नर आणि मादी फुलं वेगवेगळ्या झाडांवर येतात. अलीकडे काही अभ्यासक त्याला वेगळ्या प्रजातीत घालतात, पण ऑलिव्हशी असलेलं रक्ताचं नातं कुणी नाकारत नाही. पारजांबाचं पान बोटापेक्षा लांब आणि दातेरी असतं. कुंडीत ते फारसं लहान होत नाही, म्हणून बोन्सायसाठी मी त्याची शिफारस करत नाही. पण घाटमाथ्यावर अंजनी आणि जांभळाच्या सोबतीनं तो भर पावसात उभा असलेला पाहिला, की ऑलिव्हच्याच घराण्यातल्या एकानं पावसाशी कसं जमवून घेतलं ते कळतं.

या नात्याचा कामात उपयोग होतो, म्हणूनच ते सांगतो आहे. ऑलिव्हची पानं समोरासमोर, जोडीनं येतात. शेंडा खुडला की त्या पेरातून दोन फुटवे निघतात, एक डावा आणि एक उजवा. दोन्ही ठेवले तर प्रत्येक फांदी बेचक्यासारखी दिसते, म्हणून एका पेराला डावा ठेवायचा आणि पुढच्याला उजवा. फांदी नागमोडी जाते आणि दर वळणाला थोडी बारीक होते. प्राजक्ताला हेच लागू पडतं. करवंदी ऑलिव्हच्या कुळातली नाही, ती कण्हेरीच्या कुळातली, कापली की दुधासारखा चीक येतो. पण तिचीही पानं समोरासमोर, जाडसर आणि लहान, काटेसुद्धा जोडीनं. ऑलिव्हवर कात्रीचा जो हिशोब शिकाल तो करवंदीवर जसाच्या तसा चालतो. तारेचंही तेच. ऑलिव्हची फांदी पेन्सिलीएवढी जाड झाली की वाकवताना काडकन मोडते. कोवळी, अर्धवट पक्व असतानाच तार गुंडाळून तिला खाली आणायची, कारण तिचा ओढा सरळ वर जाण्याकडे असतो. करवंदीचं लाकूड याहून हट्टी आहे. मी तिच्यावर तार जवळजवळ वापरत नाही, वाढू देणे आणि कापणे एवढ्यावरच सगळं काम करतो. शेळीनंही तेच केलं होतं.

शेळीइतकाच मोठा कारागीर या दोन तालुक्यांत आणखी एक आहे, तो म्हणजे कोयता. भाताच्या रोपांसाठी राब भाजायची आपल्याकडची जुनी रीत. शेणी, पालापाचोळा, गवत आणि झाडांच्या कोवळ्या फांद्यांचं कवळ थरावर थर रचून, वर माती टाकून जाळायचं. या कवळासाठी बांधावरचे आणि माळावरचे ऐन दरवर्षी खांडले जातात. इंग्रजांच्या काळात जंगल खात्यानं यावर निर्बंध आणले तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोठा असंतोष झाला. त्यावर नेमलेल्या आयोगाच्या 1887 च्या अहवालात राबाचा प्रश्न विस्तारानं आला आहे. मला त्यातलं झाड दिसतं. पिढ्यान् पिढ्या खांडलेला ऐन बघा. मगरीच्या पाठीसारखी साल, जागोजाग गाठी, प्रत्येक गाठीतून पंजासारखे फुटवे, आणि डोकं त्याच्या जाडीच्या मानानं फारच खाली. इटलीतल्या छाटलेल्या जुन्या जैतुनाशी त्याचं जे साम्य आहे ते योगायोगाचं नाही. माणसानं गरजेपोटी वर्षानुवर्षं कापलेलं आणि तरी जगलेलं झाड कुठल्याही देशात असंच दिसतं. मुरबाडच्या बांधावर उभं राहून जो हा आकार डोळ्यांत साठवील, त्याला शैलींची जपानी नावं पाठ करायची घाई राहणार नाही.

तरी जपानी परंपरेचं ऋण मोठं आहे आणि ते मी मानतो. 1923 च्या भूकंपानंतर टोकियोतले बोन्साय कारागीर शहर सोडून ओमियाला गेले आणि 1925 मध्ये तिथं त्यांचं गाव वसलं. आपल्याकडे मुंबईत निकुंज आणि ज्योती पारेख यांनी इंडो-जपानी असोसिएशनच्या बोन्साय अभ्यास गटातून दोन पिढ्यांना शिकवलं. 2018 च्या फेब्रुवारीत पुण्यात ‘बोन्साय नमस्ते’ भरलं, तिथं प्राजक्ता काळे यांच्या संग्रहातली 3,333 बोन्साय एकत्र मांडली गेली आणि त्याची गिनेसमध्ये नोंद झाली. महाराष्ट्रात ही कला नवखी राहिलेली नाही. मला फक्त इतकंच वाटतं की आपल्या बोन्सायचे आकार अजून बरेचसे दुसऱ्याच्या रानातून आलेले आहेत. बर्फाच्या ओझ्यानं खाली झुकलेल्या पाइनच्या फांद्या आपण वडावर बांधतो. ठाण्याच्या वडावर बर्फ कधी पडला?

ऑलिव्हच्या नकलेत याहून मोठी चूक होते आणि ती मी स्वतः केली आहे. उंबराचा एक छान जाड बुंधा होता. त्याची साल काढून मी ऑलिव्हसारखी शारी कोरली, चुना आणि गंधकाचं द्रावण लावून लाकूड पांढरंशुभ्र केलं. दिवाळीत बघणारे थांबून बघत. पुढच्या भाद्रपदात त्या लाकडावर भूछत्रं उगवली आणि बोट आत जाईल इतकं ते भुसभुशीत झालं. वड-उंबर कुळाचं लाकूड मऊ आहे आणि मेलं की कुजणं हा त्याचा स्वभाव आहे. मग त्याचं सौंदर्य कशात? जखम झाकण्यात. साल दोन्ही बाजूंनी ओठांसारखी चालत येते, वडाच्या किंवा नांद्रुकाच्या पारंब्या खाली उतरतात, मूळ दगडाला वितळल्यासारखं चिकटतं. शहापूरच्या जुन्या विहिरींच्या कठड्यांवर हे सगळं रोज दिसतं. ऑलिव्ह मरण उघडं ठेवतं, वड ते गिळून टाकतो. ज्याला वाळकं लाकूड दाखवायचंच आहे त्यानं खैर, बोर किंवा कामिनीसारख्या कठीण लाकडाकडे वळावं, आणि गंधक-चुन्याचा हात दसऱ्यानंतर द्यावा.

एवढं सांगूनही ज्याला ऑलिव्हच वाढवायचं आहे, त्याच्यासाठी दोन सविस्तर प्रकरणं दिली आहेत. मी मोह आवरू शकलो नाही तर इतरांना काय सांगू? नंतर आणलेलं एक ऑलिव्ह माझ्याकडे आज चांगलं जगतं आहे. त्याला जून ते सप्टेंबर वरून झाकण आणि चारी बाजूंनी वारा मिळतो. मातीत निम्म्याहून जास्त विटांचे खडे असतात. आपल्या भागात वीटभट्ट्या पुष्कळ, तिथं जास्त भाजून खंगर झालेल्या विटा पडून असतात. त्या फोडून, चाळून, धूळ काढून टाकायची. बाकी मुरूम आणि थोडं कुजलेलं शेणखत. नदीची बारीक वाळू घालू नये, ती चिकटून बसते. कुंडी बदलायची ती माघात, थंडी ओसरताना. उन्हात मात्र कसर नको. सावलीतल्या ऑलिव्हची पानं लांबतात आणि पेरं ढिली पडतात, मग कितीही कापा, झाड गोळा होत नाही.

जमीन उकरून झाडं आणण्याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. स्पेनमधल्या रानटी जैतुनांच्या गोष्टी वाचून इथल्या रानात कुदळ घेऊन जाणारे लोक मी पाहिले आहेत. तानसा अभयारण्यातून किंवा कुठल्याही वनजमिनीतून परवानगीशिवाय झाड काढणं गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी मी नकोच म्हटलं असतं. जुन्या करवंदीचं सोटमूळ खडकात खोल गेलेलं असतं, ते तुटलं की दहातली बहुतेक मरतात. आणि ती जाळी कुणाच्या तरी पोटाची आहे. वैशाखात कातकरी आणि ठाकर बायका पहाटे उठून काट्यांतून करवंदं काढतात, द्रोणात भरून स्टेशनावर आणि हमरस्त्यावर विकतात. हाताला चीक चिकटलेला, बोटांवर ओरखडे. त्या जाळीची किंमत माझ्या कुंडीतल्या शोभेपेक्षा फार जास्त आहे. माहुलीच्या वाटेवरची जाळी म्हणूनच अजून तिथंच आहे. मी तिची फक्त चित्रं काढतो.

जुना बुंधा हवा असेल तर जिथं झाड नाहीतरी जाणार आहे तिथं जावं. समृद्धी महामार्गाचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाला, तो शहापूर तालुक्यातूनच जातो. त्याच्या आजूबाजूला प्लॉट पडत आहेत, घरं उठत आहेत आणि मालकीच्या जागेतली झाडं, झुडपं, जुनी कुंपणं रोज उपटली जात आहेत. मालकाला विचारून, लागेल तिथं परवानगी घेऊन मी त्यातून बोगनवेल, कामिनी, चिंच वाचवून आणली आहे. घराच्या भिंतीत उगवलेला पिंपळ किंवा उंबर काढायला तर लोक स्वतः बोलावतात. भिंत फुटायची भीती असते आणि पिंपळ तोडायला कुणाचा हात धजत नाही. तो सुखरूप काढून कुंडीत लावतो म्हटलं की घरातल्या आजींचा चेहरा खुलतो.

पाण्याचा विषय मी पुस्तकात पुढं ढकलला नाही, पहिल्या भागातच घेतला आहे. तानसा धरण 1892 सालचं. वैतरणा, भातसा नंतर झाली. मुंबईची तहान भागवणारा शहापूर तालुका, आणि चैत्र-वैशाखात त्याच्याच पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांच्या रांगा लागतात. एप्रिलात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा उथळ कुंडीतल्या झाडाला दिवसातून दोनदा पाणी लागतं. शेजारच्या पाड्यावरची बाई अर्धा कोस चालून हंडा आणते आणि मी शंभर कुंड्यांना नळी धरतो, हे मला झेपेना. मी कुंड्या चाळीसवर आणल्या. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी साठवतो, उन्हाळ्यात कुंड्या ओल्या वाळूच्या वाफ्यात निम्म्या पुरतो, दुपारच्या उन्हाला हिरवी जाळी बांधतो. इथल्या जातीच्या झाडांना यात काहीच जड जात नाही. करवंदीला मी वैशाखात एकदाच पाणी देतो. ऑलिव्हलाही, खरं तर, कोरडं राहायला आवडतं. या एका बाबतीत ते आपल्या उन्हाळ्याशी चांगलं जुळतं.

बोन्साय म्हणजे झाडाचा छळ, असं मला घरच्यांपासून पाहुण्यांपर्यंत अनेकांनी सांगितलं आहे. त्यांचा कळवळा खरा असतो, म्हणून मी वाद घालत नाही, झाड दाखवतो. उपाशी झाड फुटत नाही. दर पंधरवड्याला निंबोळी पेंड, दोन वर्षांनी ताजी माती, मुळांची छाटणी, भरपूर ऊन, इतकं सगळं मिळालेलं झाडच कापणी सोसतं आणि पुन्हा भरून येतं. ज्याला हे रोज देणं जमणार नाही त्यानं बोन्साय करू नये, एवढं मात्र मी आग्रहानं सांगेन. लग्नकार्याला दोन दिवस गावाला गेलं तरी पाण्याची सोय लावून जावं लागतं.

पुस्तकाची मांडणी आपल्या ऋतूंप्रमाणे केली आहे. मृगापासून सुरुवात, कारण वड-उंबर कापायला आणि गुटी बांधायला तोच काळ. भाद्रपदात बुरशी आणि निचरा, दसऱ्यानंतर कोरीव काम, माघात ऑलिव्ह, वैशाखात सावली. ज्यांना ऑलिव्हमध्येच रस आहे त्यांनी माघापासून वाचलं तरी चालेल, पण ऐनाचं आणि करवंदीचं प्रकरण सोडू नये.

सुरुवातीला काही विकत आणायची गरज नाही. यंदा पाऊस लागायच्या आधी खर्डी-कसाऱ्याकडे करवंदांचा द्रोण घेतलात, तर काळीभोर पिकलेली चार फळं बाजूला ठेवा. गर खा, बिया धुवा आणि दोन-तीन दिवसांच्या आत मातीत टाका. करवंदीचं बी फार दिवस टिकत नाही, ठेवून दिलं की उगवत नाही. रोप वर आलं की पहिल्या पावसाळ्यात त्याला कात्री लावू नका आणि कुंडीतही घालू नका. परसात, उघड्या उन्हात, जमिनीत एक चपटा दगड पुरून त्यावर ते लावा, म्हणजे सोटमूळ खाली न जाता आडवं पसरेल. पहिलं प्रकरण त्या दगडापासून सुरू होतं.